घरातलं गेलेलं लहान मूल आणि त्याची आठवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला एक आत्या होती, हे मला वयाच्या 31व्या वर्षी कळलं. बाबा कशावरून तरी बोलता बोलता म्हणाले, "माझ्या आधीची एक होती." अडीच वर्षांची होऊन गेली. बस, एवढंच. मग मी इतरांना विचारत गेले तसं लक्षात आलं की ओळखीतल्या कितीतरी घरांत असं एखादं मूल आहे, आणि त्याच्याविषयी पडणारे प्रश्नही साधारण सारखेच आहेत. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे दिली आहेत. मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. तुमच्या घरातलं मूल नुकतंच गेलं असेल, तर यातलं बरंचसं आत्ता तुमच्या उपयोगाचं नाही.

इतक्या वर्षांनी हे उकरून कशाला काढायचं?

उकरून काढायचं म्हटलं की कुणीतरी ते पुरून विसरून गेलं आहे असं आपण धरून चालतो. आईबाप विसरलेले नसतात. विसर पडतो तो पुढच्या पिढीला, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आजीला पाच मुलं झाली आणि आपण चारच काका-आत्या मोजतो, तेव्हा आजीचा हिशेब आणि आपला हिशेब वेगळा असतो. तिचाच बरोबर आहे. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं कारण एवढंच की आपली मोजणी तिच्या मोजणीशी जुळावी.

मग घरात कुणी त्याचं नाव का काढत नाही?

कारणं बरीच असतात आणि बहुतेकदा एकात एक गुंतलेली. एक म्हणजे त्या काळी मिळालेला सल्ला: विसरून जा, दुसरं होईल, पुढच्या मुलांकडे बघ. सल्ला देणारे वाईट नव्हते. बोलल्याने दुःख वाढतं अशीच समजूत होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, जगातल्या कितीतरी इस्पितळांत मृत जन्मलेलं बाळ आईला न दाखवताच नेलं जाई. तिने ते पाहिलं नाही तर तिला ते जड जाणार नाही, असा हिशेब. तो साफ चुकीचा निघाला.

दुसरं कारण अपराधीपणाचं. "मी जरा आधी नेलं असतं तर," हे वाक्य मनात चाळीस-पन्नास वर्षं चालू असतं आणि ते बोलून दाखवायचं तर कुणासमोर? नवऱ्यासमोर, की सासूसमोर? नवऱ्याच्या मनातही तेच वाक्य असतं. दोघं एकमेकांना जपत गप्प बसतात, आणि मुलं समजतात की यांना काही वाटतच नाही.

तिसरं, तुमच्यासाठी. तुम्हाला सावली नको म्हणून.

पूर्वी मुलं जायचीच. मग त्या काळी आईबापांना एवढं दुःख होत नसेल ना?

हा प्रश्न मला फार वेळा ऐकू येतो, आणि दरवेळी थोडी चीड येते. मुलं जायची हे खरं. जुन्या काळातल्या नोंदींवरून अभ्यासक असं धरतात की मोठी होण्याआधीच साधारण निम्मी मुलं जात. संगीतकार योहान सेबास्टियन बाखला 20 मुलं झाली, त्यातली 10 मोठी झाली. आणि हे फार जुनंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 1990 साली जगात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे 93 पाच वर्षांची होण्याआधी जात होती. 2022 पर्यंत हा आकडा 37वर आला.

पण नेहमी घडतं म्हणून कमी दुखतं, हे कुणी सांगितलं? चार्ल्स डार्विनचं उदाहरण घ्या. त्याला 10 मुलं, त्यातली तीन लहानपणी गेली. त्यातली अ‍ॅनी 23 एप्रिल 1851 रोजी गेली, वय 10 वर्षं. आठवडाभरात डार्विनने तिच्याविषयी लिहून काढलं. त्यात ती कशी गिरक्या घेत पुढे पुढे धावायची आणि बापासाठी चिमूटभर तपकीर चोरून जिन्यावरून पळत खाली यायची, असे बारीकसारीक तपशील आहेत. तिची लिहिण्याच्या सामानाची पेटी आईने, एम्माने, जन्मभर जपली. आणि याच घरातल्या दुसऱ्या एका मुलीने पुढे नोंदवलं आहे की आई अ‍ॅनीबद्दल क्वचितच बोलायची आणि वडील तर तिच्या माहितीत कधीच बोलले नाहीत. ज्याने पानंच्या पानं लिहिली तोच माणूस तोंडाने अवाक्षर काढत नव्हता. तुमच्या आजोबांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावताना हे लक्षात असू द्या.

आजीला (किंवा आईला) विचारायचं कसं?

आधी, केव्हा विचारू नये: घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, ती आजारी असताना, फोनवर घाईत. मोबाइल गुपचूप रेकॉर्डिंगला लावून तर कधीच नाही. पुढे कळलं तर दार कायमचं बंद होतं, आणि ते योग्यच.

हातात काही काम असताना विचारलेलं बरं. शेंगा सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना माणूस समोर न बघता बोलू शकतो. समोरासमोर बसून, वही उघडून विचारलंत तर ती चौकशी वाटते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिला प्रश्न. आपल्या जिभेवर येतो तो "कशाने गेला?" तो गिळा. "कसा होता गं?" असं विचारा. गोरा होता का सावळा, रडका होता का, चालायला लागला होता का, तुला काय म्हणून हाक मारायचा, कुणाच्या कडेवर जायचा. शेवटचे आठ दिवस तिने हजारदा मनात उगाळले आहेत. त्याआधीच्या दोन वर्षांविषयी मात्र तिला कुणीच कधी विचारलेलं नाही. मूल जेवढं जगलं तेवढ्या दिवसांचे प्रश्न आधी. मरणाचं ती स्वतःच सांगेल, सांगायचं असेल तर.

एका वेळी एकच प्रश्न पुरे. ती "असो" म्हणाली की थांबायचं. बरेचदा त्या दिवशी काहीच हाती लागत नाही आणि आठवडाभराने ती आपणहून म्हणते, "तू विचारत होतास ना, त्याचे केस कुरळे होते."

ती रडायला लागली तर?

रडू द्या. विषय बदलू नका, पाणी आणायला पळू नका, "जाऊ दे, आता काय त्याचं" म्हणू नका. शेजारी बसून राहा. रडणं थांबल्यावर ती बोलायला लागते, असा माझा तरी अनुभव आहे. ती रागावली, तर मात्र माफी मागून विषय सोडायचा.

आईला बोलायचं असतं, बाबांना अजिबात नको असतं. काय करावं?

दोघांना एकत्र बसवायचा हट्ट करू नका. आईशी वेगळं बोला, बाबा खोलीत आले की ओघ ती ठरवेल तसा वळू द्या. आणि आईने सांगितलेलं बाबांना जाऊन ऐकवू नका.

तो कशाने गेला हे शोधण्यात अर्थ आहे का?

थोडा आहे. दोन कारणांसाठी.

पहिलं वैद्यकीय. एकाच घरात, एकाच आईबापांची दोन-तीन मुलं लहानपणी सारख्याच तऱ्हेने गेली असतील, किंवा दोन पिढ्यांत तसं घडलं असेल, तर ते आनुवंशिक आजाराचं लक्षण असू शकतं. घरात आता कुणी मूल होऊ देण्याच्या विचारात असेल तर ही माहिती डॉक्टरांना जरूर सांगावी. एकटदुकट जुन्या मृत्यूवरून मात्र घाबरून जायचं कारण नाही.

दुसरं कारण अपराधीपणाचं, आणि ते मला अधिक मोलाचं वाटतं. घरात कारण म्हणून जे सांगितलं जातं ते बहुधा लक्षणाचं नाव असतं: आकडी आली, ताप डोक्यात गेला, अंग सुकत गेलं, एका रात्रीत गेला. आकडी म्हटलं की त्यामागे साधा तापही असू शकतो, मेंदूज्वरही, नवजात बाळात धनुर्वातही. इतक्या वर्षांनी खात्रीने काही ठरवता येत नाही. पण सालं पडताळून पाहता येतात. गोवराची लस 1963 साली आली, आणि सगळीकडे पोचायला पुढे कैक वर्षं गेली. पेनिसिलिनचा शोध 1928चा, पण ते सर्वसामान्य रुग्णांना मिळू लागलं ते 1940च्या दशकात. जुलाबाने सुकत चाललेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी पाजून वाचवता येतं, ही आज आपल्याला साधी वाटणारी गोष्ट डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 साली निर्वासितांच्या छावणीत मोठ्या प्रमाणावर करून दाखवली. तोवर शिरेतून सलाइन हाच खात्रीचा उपाय मानला जाई. देवीचा रोग जगातून गेल्याची घोषणा 1980ची. तान्ह्या बाळाला पालथं न झोपवता उताणं झोपवा, हा सल्ला 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पसरला. त्याआधी बऱ्याच देशांत डॉक्टरच पालथं झोपवायला सांगत होते.

म्हणजे कुणाचं बाळ 1950 साली गोवराने गेलं असेल, तर टोचून घ्यायला लसच नव्हती. ही गोष्ट त्या आईला, ती असेल तर, एकदा शांतपणे सांगण्यासारखी आहे. तिने ऐकलं नाही तरी सांगावी.

त्याचा फोटो नाही, कपडा नाही, काहीच नाही. मग आठवण ठेवायची कशाची?

आधी नीट शोधा. जुन्या समूहफोटोत कुणाच्या तरी मांडीवर, हललेल्या चेहऱ्याचं एक बाळ असतं आणि ते अमकं म्हणून सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. फोटोची मागची बाजू बघा, कोपऱ्यात पेन्सिलने साल लिहिलेलं सापडतं. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी, लसीकरणाचं कार्ड, इस्पितळाचा कागद, शाळेत नाव घातलेलं असेल तर तिथली नोंद. नातेवाइकांची जुनी पत्रं. "बाळाला बरं आहे, दोन दात आले" अशी एखादी ओळ पत्राच्या तळाशी असते, आणि कधी कधी त्या मुलाविषयी जगात लिहिलं गेलेलं तेवढंच असतं.

तरीही काही सापडलं नाही, तर जे ऐकलं ते लिहा. एक पान. कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं, हेही लिहा. माहिती थोडी आहे म्हणून ती फुगवू नका. "तो फार हुशार आणि देवासारखा होता" हे प्रत्येक गेलेल्या मुलाविषयी म्हणता येतं. "त्याला डाव्या कुशीवरच झोप यायची" हे फक्त त्याच्याविषयी.

संगणकाकडून त्याचा फोटो रंगीत करून, हलता करून आईला द्यावा का?

आधी विचारल्याशिवाय नको. मला माहीत आहे, हेतू चांगला असतो आणि ते करायला दोन मिनिटं लागतात. पण यंत्र जे हसू त्या चेहऱ्यावर आणतं ते त्या मुलाचं नसतं. आईकडे एकच खरी आठवण आहे, आणि तुम्ही तिच्यावर दुसरी ठेवणार. काहींना हे आवडतं, काही जणी दिवसेंदिवस अस्वस्थ राहतात. फाटलेला फोटो सांधून, डाग काढून, मोठा करून देणं वेगळं. ते खुशाल करा, आणि मूळ फोटो तसाच जपा.

माझं नाव माझ्या आधी गेलेल्या भावाचंच आहे. हे कळल्यापासून विचित्र वाटतं.

वाटणारच. तुम्ही एकटे नाही, एवढं तरी सांगता येईल. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा जन्म 30 मार्च 1853चा. बरोबर एक वर्ष आधी, 30 मार्च 1852 रोजी, त्याच्या आईला मृत मुलगा झाला होता आणि त्याचंही नाव व्हिन्सेंटच. चित्रकार साल्वादोर दालीचा मोठा भाऊ साल्वादोर ऑगस्ट 1903 मध्ये गेला, आणि हा मे 1904 मध्ये जन्मला. दालीने या भावाचा विषय जन्मभर सोडला नाही.

1964 साली मानसशास्त्रात यावर एक शोधनिबंध आला, आणि गेलेल्याची जागा भरण्यासाठी जन्माला आलेलं मूल अशी कल्पना तेव्हापासून रुळली. त्यात तथ्य आहे, पण ती सरसकट लावू नये. कित्येक घरांत नाव पुन्हा ठेवलं जातं ते मुलगा बदली मिळाला म्हणून नव्हे. ते नाव घरात कुणीतरी हाकेला घ्यावं, एवढीच इच्छा असते. तुमच्या घरात काय होतं हे तुमच्या आईबाबांनाच विचारता येईल. "तू त्याच्यासारखा नाहीस" किंवा "तो असता तर" ही वाक्यं ऐकत तुम्ही वाढला असाल, तर तुमचं ओझं खरं आहे, आणि एखाद्या समुपदेशकाकडे ते उतरवायला हरकत नाही.

मी तिच्या पाठचा. ती गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मला तिचं काहीच आठवत नाही, याचीच खंत वाटते.

दोन वर्षांच्या वयातलं कुणालाच सहसा आठवत नाही. मोठेपणी टिकून राहणाऱ्या सगळ्यात जुन्या आठवणी साधारण साडेतीन वर्षांच्या आसपासच्या असतात. तुमच्या मेंदूकडून झालेली ही चूक नव्हे, सगळ्यांचं असंच असतं. तुम्ही तिच्याबरोबर खेळला असाल, तिची पेज सांडली असेल, तिने तुम्हाला चिमटे काढले असतील. घडलेलं ते घडलेलंच, आठवो न आठवो. थोरलं भावंड किंवा एखादी मावशी असेल तर "आम्ही दोघं काय करायचो?" हे विचारा. माझ्या बाबांना हे कुणाला विचारायचं सुचेपर्यंत सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

लोक विचारतात, "किती मुलं तुम्हाला?" काय सांगायचं?

त्या दिवशी जे सांगवेल ते. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला "दोन" म्हटलं म्हणून तिसऱ्याचा अपमान होत नाही. जवळच्या माणसाला "तीन झाली, दोन आहेत" म्हणता येतं. उत्तर दरवेळी सारखंच असायला हवं असं नाही.

आणि तुम्ही विचारणारे असाल, आणि समोरून "तीन झाली" असं उत्तर आलं, तर "अरेरे" म्हणून गप्प होऊ नका. "नाव काय होतं?" एवढं विचारा.

घरातल्या लहान मुलांना सांगावं का?

सांगावं, आणि साध्या शब्दांत. "बाबांना एक मोठी बहीण होती. ती लहान असताना खूप आजारी पडली आणि मेली. त्या आजाराला तेव्हा औषध नव्हतं." "झोपली", "लांब गावाला गेली", "देवाला आवडली" हे शब्द टाळावेत. मरण म्हणजे परत न येणं, हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान नीट कळू लागतं. त्याआधी "झोपली ती उठलीच नाही" असं सांगितलंत, तर रात्री मूल झोपायला तयार होत नाही, आणि चूक त्याची नसते.

मुलं पुढे भलतेच प्रश्न विचारतात. तिची खेळणी कुणी घेतली? ती आता किती वर्षांची असती? ती आजी झाली असती का? उत्तरं द्या. मोठी माणसं जे विचारायला धजत नाहीत ते मुलं विचारतात, आणि आजी-आजोबांना ते अनेकदा आवडतं.

जन्मतःच गेलेलं किंवा जन्माआधीच गेलेलं बाळ मोजायचं का?

आई मोजत असेल तर मोजायचं. देशोदेशींचे आकडे ताडून पाहता यावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणाचे 28 आठवडे ही सीमा धरते. ती आकडेवारीची सोय आहे, घरासाठी नाही.

वंशवृक्षात त्याची नोंद कशी करावी?

जन्माच्या क्रमाने, इतर भावंडांच्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात. तळटीप नको, कंस नको. नाव ठेवलं नसेल तर "मुलगी" किंवा "मुलगा" आणि साल. साल पक्कं नसेल तर "अमक्याच्या आधी" असं लिहावं. एकाच नावाची दोन भावंडं दिसली तर चूक समजून एक खोडू नका. वर सांगितल्याप्रमाणे नाव पुन्हा ठेवलेलं असतं. दोन भावंडांच्या जन्मात चार-पाच वर्षांचं अंतर दिसलं तर मधे कुणी होतं का, हे विचारून बघा. पण विचारूनच, रिकाम्या जागेवरून स्वतः मूल कल्पू नका.

काका म्हणतात तो चार वर्षांचा होता, आत्या म्हणते अडीच. कुणाचं खरं?

दोन्ही लिहून ठेवा, सांगणाऱ्याच्या नावासकट. नोंद सापडली तर कळेल. भांडू मात्र नका. त्याला जाऊन साठ वर्षं झाली आहेत.

वर्षातला एखादा दिवस पाळायचा असेल तर कुठला?

मला विचाराल तर जन्मदिवस. गेल्याची तारीख घरात कुणाला ना कुणाला आपोआप आठवतेच. ठरावीक तारीखच माहीत नसेल, तर जगभर बरेच जण डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी 7 वाजता, आपापल्या घड्याळाप्रमाणे, गेलेल्या मुलांसाठी मेणबत्ती लावतात. गर्भात किंवा तान्हेपणी गेलेल्यांसाठी 15 ऑक्टोबर. यातलं काहीच न करता नुसतं जेवताना त्याचा विषय काढला तरी चालतं.

आईचं दुःख इतक्या वर्षांनीही तसंच आहे. हे ठीक आहे का?

आठवण आली की डोळे भरून येणं ठीकच आहे, पन्नास वर्षांनीही. पण रोजचं जगणंच अडून राहिलं असेल, झोप-जेवण-माणसं सगळं तुटलं असेल, तर ती वेगळी गोष्ट. लांबलेलं तीव्र दुःख हे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीत स्वतंत्र निदान म्हणून आलं आहे, आणि ती आवृत्ती 2022 पासून लागू आहे. त्यावर उपचार असतात. "आता या वयात काय डॉक्टर" म्हणून सोडून देऊ नये.

आमच्याकडे त्याच्याविषयी एकच ओळ उरली आहे. तेवढ्याचं काय करणार?

आमच्याकडेही एकच होती. बाबांना त्यांच्या आईने कधीतरी सांगितलेली. मी वहीत बाबांच्या नावाच्या वर एक रेघ आखली आणि लिहिलं: "मुलगी. अडीच वर्षं. उघडं दार दिसलं की जाऊन लोटायची." बाबांनी वही घेतली, चष्मा लावून वाचलं, आणि म्हणाले, "कडीपर्यंत हात पोचायचा नाही तिचा. तेही लिही."